हजर राहण्याचं पत्र

साताऱ्याच्या इन्कमटॅक्स कचेरीत कारकून अजितकुमारसमोर रंगूबाई पत्र घेऊन उभी होती. तिचा नवरा, जमादार नाथाजी, मलायाच्या लढाईत बेपत्ता होऊन दोन वर्षं झाली होती. लढाईवर जाण्याआधी त्यानं रोख्यांच्या व्याजातून जादा कापलेला कर परत मिळावा म्हणून अर्ज केला होता. त्या अर्जाची चौकशी आता कुठं निघाली होती आणि नाथाजीनं जातीनं हजर राहावं, असं पत्र घरी गेलं होतं.

“सरकारनं बोलावलंय, म्हंजी त्ये हाइत न्हवं?” तिनं विचारलं.

अजितकुमारला तिच्याकडं बघवेना. “बाई, लढाईवरची खबर या कचेरीत येत नाही. पलटणीकडून मृत्यूचा दाखला आणा. पैसे तुमच्या हाती मिळतील.”

“आन दाखला न्हाई आणला तर?”

“तर नवी तारीख पडेल. पुन्हा त्यांच्याच नावानं पत्र येईल.”

रंगूबाईनं हातातलं पत्र घडी करून पदराच्या गाठीत बांधलं.

“मग पत्रच धाडा, सायेब. गावात आता त्येंचं नाव कुनी घेत न्हाई.”

अजितकुमारनं कोरं पाकीट पुढं ओढलं आणि हुद्द्यासकट पूर्ण नाव लिहिलं.