बांध फुटणार

“बांध फुटणार,” माई म्हणाली. “नदीला पाणी चढलं की फुटणार. भट्टीकडची घरं जातील, गिरणीकडचीही जातील. नदी कोणाला विचारत बसणार नाही, तू कुठला म्हणून. हा परमेश्वराचा शब्द आहे.” आणि ती बाकावर बसली.

चर्चमधली उपासना अर्ध्यावर थांबली. पाळकांना पुढचं गीत सांगायचं भानच राहिलं नाही.

दुसरं कोणी बोललं असतं तर लोकांनी हसण्यावारी नेलं असतं. पण माई सुईण होती. समोरच्या निम्म्याअधिक मंडळींना तिनेच पाय धरून उलटं केलं होतं आणि पहिल्यांदा रडवलं होतं. शिवाय असा शब्द तिच्या तोंडून पूर्वी दोनदा आला होता, साथीच्या वर्षी आणि लढाईच्या वर्षी. दोन्ही वेळा खरा ठरला होता.

हिवाळ्यात गिरणी जळाली होती. भट्टीवाल्यांनीच जाळली, असं गिरणीवाले म्हणत. मग विटांच्या भट्टीवरचा एक तरणाताठा माणूस नदीकाठी मेलेला सापडला. तेव्हापासून रस्ते वाटले गेले, दुकानं वाटली गेली, चर्चमधली बाकंही वाटली गेली. मधल्या वाटेच्या डावीकडे भट्टी, उजवीकडे गिरणी. प्रभुभोजनाचे पेलेही पाळकांना दोन ठेवावे लागले होते.

भट्टीचा मुकादम आणि गिरणीचा फोरमन साडू लागत. त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी, पण एक नळावर असली की दुसरी रिकामी बादली घेऊन माघारी फिरायची.

उपासना सुटल्यावर दोन्हीकडचे पुरुष बांध बघायला गेले, वेगवेगळ्या वाटांनी. आपसातल्या रागात हिवाळ्यापासून तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. एका जागी भेग अशी रुंदावली होती की मुकादमाचा हात कोपरापर्यंत आत गेला. त्याने हात झटकला आणि तो उभा राहिला. पलीकडे फोरमनही तीच भेग बघत होता.

“जळिताच्या वेळी पोती वाचली होती ना?” मुकादमाने नदीकडे बघतच विचारलं.

“तुला काय करायचीत?”

“मला नकोत. या भेगेला हवीत.”

फोरमनने वाकून भेगेत हात घालून बघितला. मग म्हणाला, “नुसती पोती घेऊन काय करू? माती तुझ्याकडे आहे.”

“गाडे सकाळी लागतील.”

सकाळी गाडे लागले. पुरुष पोती भरत, बायका तोंडं शिवत. पहिल्या दिवशी दोघी बहिणी पाठीला पाठ लावून बसल्या. धाकटीची सुतळी संपली तेव्हा थोरलीने आपली दातांनी तोडून अर्धी मागे सरकवली. बोलली मात्र नाही. दुसऱ्या दिवशी बोलली, म्हणजे तिचे टाके वाकडे जातात म्हणून भांडली. बायकांनी एकमेकींकडे बघून सुस्कारा सोडला.

मेलेल्या माणसाची आईही मातीची पाटी घेऊन आली. गिरणीवाले खाली बघत बाजूला झाले. फोरमन पुढे गेला आणि त्याने तिच्या डोक्यावरची पाटी उतरवून घेतली. बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग खाली वाकून तिने दुसरी पाटी भरायला घेतली, आणि ती भरल्यावर त्याच्याच हातात दिली.

माई रोज बांधावर यायची. कोणी पाठ टेकली की म्हणायची, “नदी थांबलीये का तुझ्यासाठी?” तिचं घर बांधाच्या अगदी पायथ्याशी होतं. लोकांनी सामान टेकडीवर हलवलं, हिने धान्याची कोठीसुद्धा हलवली नाही.

“माई, माणसं पाठवू का?” पाळकांनी विचारलं.

“म्हातारीच्या गाडग्यामडक्यांना काय होतंय? तुम्ही फावडं चालवा.”

आणि एके दिवशी पाणी चढलं. दुपारपर्यंत ते पोत्यांच्या वरच्या थराला लागलं. एका जागी माती उकळल्यासारखी वर येऊ लागली, तेव्हा फोरमनने कमरेइतक्या पाण्यात उडी टाकली आणि तो अंगाने पोती रेटू लागला. वरून मुकादमाने त्याचा पट्टा पकडला.

“सोडू नकोस रे.”

“सोडून जातो कुठे? घरी तुझी मेहुणी विचारेल.”

सगळी वस्ती बांधावर आडवी झाली. शेजारचा खांदा कोणाचा, हे कोणी बघितलं नाही. ऊन उतरता उतरता पाणी बोटभर खाली गेलं. मग वीतभर. कोणीतरी धावत जाऊन चर्चची घंटा वाजवायला घेतली आणि ती थांबेचना. चिखलाने माखलेला मुकादम चिखलाने माखलेल्या फोरमनला मिठी मारून रडत होता. दोघांपैकी कोण कोणता, हे बायकांनाही चटकन कळेना.

पुढच्या रविवारी मंडळी वाटेल त्या बाकावर बसली. पाळकांनी एकच पेला आणला.

हसं झालं ते माईचं. “माई, या खेपेला नेम चुकला,” येणारा जाणारा म्हणायचा. माईही हसायची.

पाळकांना मात्र चैन पडेना. देवाच्या नावाने खोटा शब्द सांगणं ही साधी गोष्ट नव्हती. ते तिच्या घरी गेले तेव्हा ती उंबऱ्यात बसून शेंगा सोलत होती.

“माई, मला कळलंय,” ते हळूच म्हणाले. “तुम्ही घाबरवलं नसतं तर कोणी फावडं उचललं नसतं. तो शब्द तुम्ही मनानेच रचलात. मी कोणाला सांगणार नाही. पण माझ्यापाशी तरी कबूल करा, देव तुमच्याशी काहीच बोलला नव्हता.”

“बोलला होता की.”

“काय बोलला होता?”

माईने एक शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले.

“म्हणाला, त्यांना जाऊन सांग, भिऊ नका, बांध फुटणार नाही.”