आतलं कापड

लग्नातला ब्लाउज आत घ्यायला टेलरकाकांनी बाजूनं उसवला. कापडावर जुन्या टाक्यांच्या तीन ओळी दिसल्या. तीनदा मी बारीक झाले होते, तीनदा पुन्हा सुटले होते.

काकांनी खडूनं नवी रेघ मारली.

“आत कापड राहू द्या हो,” सासूबाई म्हणाल्या. “चार महिन्यांत परत उसवायला यायचंच आहे.” काका हसले.

दोन वर्षं रोज सकाळी टेकडी चढतेय. भूक भागली की उरलेली अर्धी भाकरी झाकून ठेवते, त्यावरून सासूबाईंची बोलणी खाते. वर्षभर वजन वाढू दिलेलं नाही.

मी काकांची कात्री उचलली आणि रेघेबाहेर शिवणीपुरतं सोडून बाकीचं सगळं कापड कापून टाकलं.

“अगं, परत जाड झालीस तर?”

पट्ट्या सासूबाईंच्या हातात कोंबल्या. “या जपून ठेवा, आई. वाट तुम्हीच बघताय.”