पृथ्वीवरचे एमसाहेब

हरिओमनं हेडफोन कानावर चढवला, तेव्हा आई दगडाबाई त्याच्या बॅगेत शेंगदाण्याच्या चटणीचा डबा कोंबत होती. पुण्याची गाडी दुपारची होती. उद्यापासून नोकरी. त्याआधी अमेरिकेतल्या एमसाहेबांचा निरोप घ्यायचा होता, आणि तोही पहिल्यांदाच बोलून. दोन वर्षं सगळं लिहूनच चाललं होतं.

“तुझा साहेब जागा हाय का ह्या येळंला?” बाजेवरून त्याच्या बापानं, म्हाळूनं विचारलं.

“तिकडं रात्र हाय, आबा. माझ्यासाठी जागा राहिलाय.”

“मानूस चांगला हाय मग.”

हरिओम आष्टीत माळवदावरच्या खोलीत बसून वेबसाइट बनवायचा. नवं टूल निघालं की त्याच्या जिवाला चैन नसायचं. कापडदुकानाची वेबसाइट एका टूलनं उभी करायची आणि पुढच्या अमावस्येला पाडून दुसऱ्यानं उभी करायची. दुकानदाराला काडीचा फरक दिसायचा नाही. हरिओम मात्र दिवसभर तिच्याकडं नव्या नवरीकडं बघावं तसा बघत राहायचा.

डेव्हलपरांचा मेळावा कुठंही असो, हा तिथं हजर. पुणे झालं, हैदराबाद झालं, बेंगळुरू झालं. प्रत्येक ठिकाणाहून फुकटचा टी-शर्ट यायचा. म्हाळू तेच घालून मेंढरं वळायचा. एका वर्षी तर ज्वारीतल्या बुजगावण्याच्या छातीवरही हैदराबादच्या मेळाव्याचं नाव होतं, आणि पाखरं म्हणे ते वाचून बाजूच्या रानात उतरायची.

पण टी-शर्ट घातला म्हणून म्हाळूची काळजी मिटली नव्हती. पोरगा दिवसा झोपतो, रात्री जागतो, पडद्याशी एकटाच हसतो. सोयरीक घेऊन आलेले पाहुणे शेजारी चौकशी करायचे, आणि शेजारी खरं तेच सांगायचे, की घरीच असतो.

“एका मेंढीचा कळप व्हत न्हाई,” म्हाळू शेवटी म्हणाला होता. “येकटी मेंढी आपलीच सावली बघून पळती. ह्या आष्टीत तुझ्या धंद्याचं दुसरं मानूस दाखव, मी पुन्हा ब्र काढनार न्हाई. दसऱ्यापत्तर न्हाई घावलं तर पुण्याला जायाचं.”

पुण्यात हरिओम आधी एक वर्ष राहून आला होता. तिथं डेव्हलपर पायलीला पन्नास होते, पण खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची न्हाणी दिसायची. त्याला माळवद पाहिजे होतं. म्हणून त्यानं आष्टी पालथी घातली. झेरॉक्सवाला सापडला. मोबाइल दुरुस्तीवाला सापडला. सातबारा काढून देणारा सापडला. आपल्यासारखा कोणी सापडला नाही, आणि दसरा येऊन गेला.

एमसाहेबांना विचारायचा प्रश्नच नव्हता. हरिओमनं एक छोटं टूल स्वतः बनवून नेटवर सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका मध्यरात्री कुणीतरी त्यातली चूक काढून दुरुस्त करून पाठवली. नावाच्या जागी नुसतं ‘एम’. पत्त्याच्या जागी ‘पृथ्वी’. इंग्रजी स्वच्छ. आपल्या मध्यरात्री ज्याचं डोकं इतकं चालतं, तो अमेरिकेतच असणार, असा हिशेब हरिओमनं लावला. त्यानं स्वतःच्या पत्त्याच्या जागी ‘इंटरनेट’ लिहिलं होतं. तेव्हापासून तो एमसाहेबांच्या दिवसाला धरून रात्रभर बसायचा. दोघं एकमेकांना सर म्हणायचे. गावाबिवाच्या गोष्टी कोणीच काढायचं नाही. मोठ्या माणसाला काय विचारायचं?

घंटी वाजली. हरिओमनं घसा खाकरला आणि इंग्रजीत नमस्कार केला.

पलीकडून बाईचा आवाज आला. तरणा, जरा घाबरलेला. तिनंही इंग्रजीतच नमस्कार केला. हरिओमच्या डोळ्यांपुढचा दोन वर्षं पोसलेला गोरापान, टक्कल पडलेला साहेब एका क्षणात विरघळला. त्यानं पाठ केलेलं भाषण तरी सुरू केलं. मी नोकरीला चाललो आहे, आता रात्री वेळ मिळणार नाही, टूल तुमच्या हाती देतो, सांभाळा.

आपणही इतक्यात हे सगळं सोडूनच देणार होतो, असं ती हळू आवाजात म्हणाली. बोलायला तुमच्याशिवाय दुसरं कोणीच नाही, असंही म्हणाली.

तेवढ्यात तिच्यामागून भोंगा वाजला. “घ्या शेपू, घ्या मेथी, हरिबाचा गाडा हाय, पुन्ना येनार न्हाई…”

रोज येऊन रोज हेच सांगणारा भाजीवाला साऱ्या तालुक्यात एकच होता.

तिनं घाईनं इंग्रजीत माफी मागितली. माइक बंद करायचा मात्र राहिला. “ओ हरिबा, शेपूची एक जुडी ठेवा,” ती खिडकीतून ओरडली, “आलेच मी.”

हरिओमनं एका कानावरचा हेडफोन सरकवला. “आबा, हरिबाचा गाडा आत्ता कुठं आसल?”

“खालच्या आळीत. आपल्याकडं यायला चहा व्हायचा येळ. कावून? भाजी नेतो का काय पुण्याला?”

हरिओमनं हेडफोन पुन्हा नीट केला. घसा खाकरला नाही.

“मॅडम,” तो मराठीत म्हणाला, “मी वरच्या आळीत ऱ्हातो. म्हाळू मेंढपाळाचा हरिओम.”

पलीकडं भोंगा वाजत वाजत पुढं गेला.

“म्हंजे,” ती म्हणाली, “दोन वर्सं तुमचा दिवस धरून मी उगंच रातभर जागले?”