पिचरच्या पाठीमागची जागा

व्हर्ननने नकाशावर लाल पेन्सिलीने चौथ्या गावाभोवती गोल काढला, तेव्हा आर्लीनची खात्री पटली. डेव्हनपोर्ट, पिओरिया, बेलॉइट, ॲपलटन. गावे निराळी, मैदाने निराळी, यजमान संघ निराळे. पाहुणा संघ मात्र चारही ठिकाणी एकच, ग्रॅफ्टन. आणि ग्रॅफ्टनकडून एलिसेओ पेगेरो खेळत होता.

दोन वर्षांपूर्वी पेगेरोने मारलेला चेंडू सरळ डॅरिनच्या कानशिलावर बसला होता. डॅरिन त्यांचा एकुलता एक मुलगा. तो बेसबॉलचा पिचर होता आणि बॅटरकडे चेंडू टाकून अजून पुरता सरळही झाला नव्हता. तिसऱ्या दिवशी इस्पितळाने त्याचे कपडे एका पांढऱ्या पिशवीत घालून आर्लीनच्या हातात दिले. यात चूक कुणाचीच नाही, असे सगळे म्हणाले. सगळे म्हणजे व्हर्नन सोडून. दफनाच्या दिवशी पेगेरो रात्रभर बसने प्रवास करून आला आणि टोपी हातात घेऊन चर्चच्या पायरीवर उभा राहिला. व्हर्ननने त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पाद्रीबाबांना एवढेच म्हणाला, "त्याला सांगा, पुन्हा माझ्यासमोर उभा राहू नकोस."

त्याआधी तेवीस उन्हाळे ही दोघे लहान लहान गावांतले बेसबॉल बघत हिंडली होती. मोठ्या संघांचे सामने काय, घरी टीव्हीसमोर लोळून कुणीही बघेल, असे व्हर्ननचे ठाम मत. मागच्या सीटवर बर्फाची पेटी, पेटीत हॅम सँडविच, नकाशा आर्लीनच्या मांडीवर, आणि वाट चुकली की खापर तिच्या डोक्यावर. कुठली गावे घ्यायची यावरून दोघे आठवडाभर भांडत, आणि खरे तर सहलीतली निम्मी मजा त्या भांडणातच असे. डॅरिन गेला आणि नकाशा खणात जाऊन पडला. यंदा मे महिन्यात व्हर्ननने तो एकट्यानेच बाहेर काढला.

एकट्याने म्हणजे तिला काही न विचारता. तो रोज जेवून उठला की गॅरेजमध्ये जाऊन बसे, कॉम्प्युटरवर ग्रॅफ्टनच्या सामन्याचे समालोचन लावी आणि मांडीवरच्या वहीत काहीबाही खरडत राही. मागच्या आठवड्यात त्याने तिच्याकडे ती पांढरी पिशवी मागितली. तिने दिली नाही. दुसऱ्या दिवशी त्याची शिकारीची बंदूक गाडीत घालून ती बहिणीकडे, रूथीकडे ठेवून आली. कपाट रिकामे झाल्याचे त्याला नक्की कळले होते, पण तो एका शब्दाने बोलला नाही. त्याच्या त्या गप्प राहण्याने तिची झोप उडाली होती.

"जागा कुठल्या घेतल्यास?" तिने विचारले.

"कुंपणापलीकडे, गवतावर. पिचरच्या बरोबर पाठीमागे."

आर्लीनने नकाशा आपल्याकडे ओढला. हा माणूस जन्मभर बॅटरच्या मागे, जाळीला नाक लावून बसलेला. गवतावर बसणारे लोक खेळ बघायला नाही, हॉट डॉग खायला येतात, म्हणायचा. त्या गवतावरून चारशे फुटांवर एकच माणूस तोंडासमोर येतो, आणि तो म्हणजे बॅटर.

"व्हर्न, त्या पोराला मारून डॅरिन परत येणार आहे का?"

व्हर्ननने पेन्सिल खाली ठेवली. "म्हणून बंदूक रूथीकडे गेली होय," तो म्हणाला. तो चिडला नव्हता, फक्त थकलेला दिसत होता. उठून गॅरेजमध्ये गेला आणि वही आणून त्याने तिच्यासमोर उघडली.

तसल्या वह्या आर्लीनने आयुष्यभर पाहिल्या होत्या. जुने प्रेक्षक स्वतःची वही घेऊनच सामन्याला येतात आणि प्रत्येक फटका मैदानात कुठे गेला त्याची रेघ छोट्याशा चौकटीत ओढतात. या वहीत पानामागून पान एकट्या पेगेरोचे होते. तिने दहा पाने उलटली, वीस उलटली. सगळ्या रेघा डावीकडे, पार कडेला चिकटलेल्या. चौकटीची मधली जागा प्रत्येक पानावर कोरी होती. जिथे पिचर उभा असतो, तिकडे दोन वर्षांत एकही रेघ गेली नव्हती. पिचरच्या आईला ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"समोर मारतच नाही तो," व्हर्नन म्हणाला. "सोपा चेंडू आला तरी बॅट खांद्यावर ठेवून नुसता बघत राहतो. असं कोण ठेवून घेईल त्याला? जुलै संपायच्या आत काढतील, आर्लीन. घरी पाठवतील."

"मग तू तिथं जाऊन काय करणार?"

"डॅरिनचा शर्ट घालून उभा राहणार." त्याने वही मिटली. "समोर येऊ नकोस असं मीच म्हणालो होतो ना? मग आता मीच समोर जातो. म्हणेन, इकडे मार, पोरा. माझ्याकडे मार."

आर्लीनला त्याचा भयंकर राग आला. दोन वर्षे एका घरात राहून हा माणूस एवढे पोटात ठेवून बसला होता. आणि त्याच्या मनात काय आहे हे आपल्याला ओळखता आले नाही, उलट आपण बंदूक लपवत फिरलो, याची तिला त्याहून जास्त लाज वाटली. ती उठून आत गेली. कपाटाच्या तळाची पिशवी तिने बाहेर काढली. नर्सने मारलेली गाठ अजून तशीच होती. तिने ती दातांनी सोडवली आणि शर्ट स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये पसरला. गळ्यापाशी तो काळा आणि कडक झाला होता. डॉक्टरांनी तो पुढून उभा कापलेला होता, छातीवरच्या एकतीस नंबरातल्या तीन आणि एकच्या बरोबर मधून.

तिने थंड पाण्याचा नळ सोडला.

"आधी भिजवते, मग शिवते," ती म्हणाली. "त्याला लांबून नंबर वाचता आला पाहिजे."