सासूबाईंचा पहिला घास

सासूबाई कंबोडियाहून आमच्याकडे लाँग बीचला येऊन तीन आठवडे झाले, पण माझ्या हातचं काही त्यांच्या घशाखाली उतरेना. "कॅलिफोर्नियात जन्मलेल्या पोरीला कुठला आलाय स्वयंपाक!" हे रोजचं तोंडीलावणं.

काल हॅलोविनसाठी लेकीच्या मैत्रिणी येणार होत्या, म्हणून मी काडीला टोचलेले केकचे गोळे केले. वरून काळं चॉकलेट, साखरेचे डोळे आणि खाऱ्या बिस्किटाच्या काड्यांचे आठ-आठ पाय. पोरी "शी, कोळी!" म्हणून किंचाळल्या आणि दोन-दोन खाऊन गेल्या.

उरलेला ट्रे बघून सासूबाईंचा चेहरा एकदम उजळला. "अगं चांथू, इथे कोळी मिळतात? तिकडे गावच्या बाजारात लसणात तळून विकायचे मी. इतके दिवस का नाही केलेस?"

त्यांनी एक पाय मोडून चावला. "कुरकुरीत झालाय हो!"

माझ्या स्वयंपाकाचं पहिलं कौतुक! माझे डोळेच भरून आले. मग त्यांनी पोटाचा मोठ्ठा लचका तोडला.



"शी!" म्हणत त्या बेसिनकडे धावल्या. "ह्याच्या आत केक आहे!"