फेट्याचा लाल

शालूबाईंनी फेटा ओळखला, हे अनुजाला सासूच्या बोटांवरून कळलं. प्रदर्शनातल्या ‘चित्रास हात लावू नये’ या पाटीखालीच ती बोटं कॅनव्हासवरून फिरत होती. पिवळाजर्द रंग ओलांडून, गुळाच्या गोणपाटावरून, वाळूच्या खरबरीत पट्ट्यावरून ती मधोमध आली आणि थांबली. तिथं लालभडक कापडाचा एक पीळ उसळून वर गेला होता.

मामांचा फेटा. सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचा तेवढा एकच कपडा शालूबाई आत्तींनी ट्रंकेत जपून ठेवला होता.

त्या मधल्या जागेवर अनुजाचं चित्र महिनाभर अडलं होतं. दुपारी लेक मोना झोपली की ती ब्रश हातात घ्यायची. ट्यूबमधला कुठलाच लाल तिथं बसेना. मग एका दुपारी आत्ती देवळात गेलेल्या, ट्रंक उघडी राहिलेली आणि सगळ्यात वर तोच फेटा. तिनं हातभर कापला आणि घडी होती तशी घातली. आठवड्यानं पुन्हा ट्रंक उघडी. पुन्हा हातभर. वर नवऱ्याला म्हणाली, “आत्तींना हल्ली विसरायला होतंय. ट्रंकसुद्धा उघडी टाकून जातात.” पृथ्वीराज बिचारा आईसाठी बदाम घेऊन आला. रोज सकाळी अनुजा भिजवलेले पाच बदाम सोलून द्यायची, आत्ती मुकाट्यानं खायच्या, आणि तिला त्यांच्या तोंडाकडं बघवायचं नाही.

“आत्ती, चुकलं माझं. विचारायला पाहिजे होतं.”

शालूबाईंनी मोनाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. नजर चित्रावरून हलली नाही.

“त्यांचा बी असाच असायचा. एक पीळ कायम सुटल्याला.”

“मी कात्री लावली हो त्याला...”

“इचारलं असतंस तर न्हाईच म्हटलो असतो मी. जीव झाला नसता.” त्यांनी डोळ्याला पदर लावला. “रोज लाल लावायचीस, रोज खरडायचीस. बघत हुतो की.”

अनुजाला काही उमजेना. शालूबाईंनी कमरेची किल्ली तिच्यापुढं धरली.

“चाळीस वर्षं हितंच हाय ही. ट्रंक कवा उघडी ऱ्हायली व्हय? अन् पृथ्वीराजला सांग, बदाम बास झालं म्हणावं.”