गौरजाचा रिपोर्ट

लवू तांडेल मागच्या दाराने आला. पुढच्या फाटकावर संस्थेची पाटी होती आणि फाटकासमोरून एसटी जायची.

"पुढून का नाही आलात?" धुरी गुरुजींनी विचारलं, आणि विचारल्याची त्यांनाच लाज वाटली. निवृत्तीनंतर अकरा वर्षं ते धामापुरात एचआयव्हीबाधित अनाथ मुलांचं हे घर चालवत होते. पुढून येणारा माणूस विरळाच.

लवू पायरीवरच टेकला. त्याचे पाय सुजून टम्म झाले होते. सोबत सात वर्षांची नात, गौरजा, आणि कपड्यांनी फुगलेली पिशवी.

"पिशवी कशाला? आज नुसता रिपोर्ट यायचाय."

"आसांदेत. चार फ्रॉक आसत. शाळेचो दाखलो पण आणलंय."

घाबरलेला माणूस सगळं बरोबर घेऊनच निघतो, गुरुजींच्या मनात आलं.

संस्थेतली रश्मी दवाखान्यातून गौरजाच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट घेऊन दुपारपर्यंत येणार होती. तोवर गुरुजींनी गौरजासमोर शिंपल्यांचा ढीग ओतला.

"किती आहेत, सांग बघू."

"मोजून सांगू की बघून?"

"बघून कसं सांगशील?"

"खूप!" ती म्हणाली.

गुरुजी खळखळून हसले. "अगदी दीपेशवर गेलीय," ते म्हणाले आणि शिंपले उगाच सारखे करू लागले.

दीपेश म्हणजे लवूचा मुलगा, गुरुजींचा विद्यार्थी. तीन वर्षांपूर्वी याच आजाराने गेला, तेव्हा खांद्याला चार माणसं जमेनात. निरोप आला त्या वेळी गुरुजी कुडाळला याच आजारावर भाषण देत होते. भाषण संपलं की जाऊ, म्हणाले. गेले नाहीत. गेल्या महिन्यात सून गेली, तेव्हाही त्यांनी नुसता फोन केला.

"दीपेशाक तुमी वर्गाभायर उभो केललात, याद आसा?" लवू म्हणाला. "पाढो चुकलो म्हणान. लय कडक तुमी."

"अजून तसाच आहे." विषय शाळेकडे वळला म्हणून गुरुजींना हायसं वाटलं. "मागे एका पुढाऱ्याने भाच्याला इथे ठेवायचा आग्रह धरला. म्हटलं, इथे फक्त बाधित मुलं. खाट मिळेल ती गोळ्या घेणाऱ्या मुलालाच. नियम मीच लिहिलाय, मीच मोडू?"

"नाय मोडूचो," लवू सावकाश म्हणाला. "नियम तो नियम."

मग तो एकेक विचारत गेला. रात्री मुलांजवळ कोण असतं? जेवणात मासे असतात? "हिका काटे काढून दिवचे लागतत. पण रात्री रडणारी नाय हां. एकटी निजूची सवय केलंय मी तिका."

गुरुजींना भरून आलं. म्हातारा वाईटातल्या वाईटाची तयारी करून आला होता.

"असं मनात आणू नका. रिपोर्ट चांगला आला की आत्या नेईल ना तिला? वेंगुर्ल्याची?"

"गेल्या आयतवारी गेललंव थंय. माझा चेडू, ही गौरजा, पाणी प्यायला तो पेलो आत्येन माडाच्या मुळात फेकून दिल्यान. पोरीच्या देखत."

तो पेला आपणच फेकल्यासारखी गुरुजींची मान खाली गेली. मग त्यांनी विचारलं, "आणि तुमच्या पायांचं? डॉक्टर काय म्हणाले?"

"दिवाळी बघलंस तर बघलंस, म्हणता." लवू हसला. "माझा सोडा. हिच्यासाठी देवळात कौल लावलंय. देवान उजवो दिल्यान."

"मग झालं तर! देव पाठीशी आहे."

लवूने हात जोडले.

जेवणं झाल्यावर रश्मीची स्कूटर आली. फाटकातूनच ती ओरडली, "गुरुजी! नाही! काही नाही तिला!"

गुरुजींनी तिच्या हातून कागद घेऊन उघडला. अकरा वर्षांत असले कागद किती वेळा उघडले, आणि किती वेळा खाली मान घालून 'आहे' असंच सांगावं लागलं! त्यांनी गौरजाला उचललं. पडवीतल्या मुलांनी कशासाठी ते न कळताच टाळ्या वाजवल्या.

"लवू, ऐकलंत? तिला काही नाही! उचला पिशवी आणि खुशाल घरी न्या पोरीला."

लवू उठला नाही. टाळ्या थांबल्या तरी तो आपल्या पायांकडेच बघत होता. मग त्याने गुरुजींना जवळ बोलावलं आणि गौरजाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला,

"गुरुजी, कागदार 'रोग आसा' म्हणानच लिवा. चेडू गोळ्यो खायत, मी तिका सांगान ठेवलंय."